भोवरा की चुंबक? : सूर्यावरील डागांच्या शोधाची कथा

सूर्यावर डाग आहेत हे माणसाने दुर्बीण हाती येण्याच्या कितीतरी आधी पाहिले होते. इसवी सनापूर्वी २८ या वर्षी चीनमधल्या राजदरबारी ज्योतिष्यांनी तशी नोंद करून ठेवली. इंग्लंडमधल्या वूस्टर येथील जॉन नावाच्या मठवासी बखरकाराने ८ डिसेंबर ११२८ रोजी दिसलेल्या दोन डागांचे चित्रच आपल्या बखरीत काढले. हे डाग म्हणजे नेमके काय, हे मात्र १९०८ सालापर्यंत कोणालाही सांगता आले नाही. त्या वर्षी ते चुंबक आहेत असे कळले, पण कार्यकारणाची साखळी उलटी धरली गेली. डागात चुंबकत्व का आहे, असा प्रश्न लोक विचारत होते. चुंबकत्वामुळेच डाग पडतो, हे ध्यानात यायला आणखी तीसेक वर्षे गेली.

या उलटापालटीचा हा वृत्तान्त आहे. त्यात डेसाऊ, लंडन आणि कॅलिफोर्निया येतात, तशीच मुंबई, पुणे, वऱ्हाड आणि कोडाईकनाल ही ठिकाणेही येतात. ती ओढूनताणून आणलेली नाहीत. सूर्याच्या अभ्यासाला रोजचे ऊन लागते आणि रोज नोंद करणारा माणूस लागतो. दोन्ही आपल्याकडे होते.

डाग कोणाचा?

१६१० आणि १६११ या दोन वर्षांत दुर्बिणीतून डाग पाहणारे निदान चौघे होते : इंग्लंडमधला थॉमस हॅरियट, फ्रिसलंडचा योहान फाब्रिसियस, जेझुइट पंथाचा क्रिस्टोफ शायनर आणि गॅलिलिओ. छापील पुस्तिका सर्वांत आधी काढली ती फाब्रिसियसने, १६११ मध्ये. शायनरचा प्रारंभीचा आग्रह असा, की हे डाग सूर्याचे नव्हेत, सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान ग्रहांच्या त्या सावल्या आहेत. सूर्य निष्कलंक असलाच पाहिजे, ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली श्रद्धा त्यामागे होती. गॅलिलिओने १६१३ च्या आपल्या ग्रंथात त्याला भूमितीने उत्तर दिले. बिंबाच्या कडेजवळ गेलेला डाग चपटा दिसतो आणि सावकाश सरकतो. तो पृष्ठभागावरच असल्याखेरीज असे दिसणार नाही. पुढे शायनरनेही हे मान्य केले, आणि १६३० मध्ये पुरा झालेल्या त्याच्या ग्रंथाने डागांच्या अभ्यासाचा पक्का पाया घातला.

डाग सूर्याचेच, इतके ठरले. पण ते कशाचे? ग्लासगोचा अलेक्झांडर विल्सन १७६९ मध्ये म्हणाला, ते खळगे आहेत. विल्यम हर्शलला वाटले, की सूर्याच्या तेजस्वी ढगांना पडलेली ती भगदाडे आहेत आणि आतला गोळा थंड, कदाचित वस्तीलायकही आहे. कल्पनांना तोटा नव्हता. त्या पडताळायचे साधन मात्र नव्हते.

एक औषधविक्रेता आणि एक सुई

कोंडी फुटली ती भलत्याच बाजूने. जर्मनीतील डेसाऊ गावचा हाइनरिख श्वाबे हा व्यवसायाने औषधविक्रेता. बुधाच्याही आत एखादा ग्रह असावा आणि सूर्यबिंबावरून जाताना तो काळ्या ठिपक्यासारखा दिसावा, या आशेने त्याने १८२६ पासून रोज सूर्य पाहायला सुरुवात केली. ग्रह आणि डाग यांत गफलत होऊ नये म्हणून तो डागही मोजून ठेवी. ग्रह काही सापडला नाही. सतरा-अठरा वर्षांच्या टाचणांतून भलतेच निघाले : डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या अंतराने वाढते आणि घटते. १८४४ मध्ये त्याने हे छापले तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. हुम्बोल्टने १८५१ मध्ये त्याचा तक्ता आपल्या जगप्रसिद्ध ग्रंथात घेतला आणि मग युरोपला जाग आली. आज हे आवर्तन सरासरी अकरा वर्षांचे मानले जाते.

लगेच पुढच्या वर्षी, १८५२ मध्ये, एडवर्ड सबाइन याने दुसरी एक वही श्वाबेच्या तक्त्याशेजारी ठेवली. ब्रिटिश साम्राज्यात ठिकठिकाणी चुंबकीय वेधशाळा स्थापन झाल्या होत्या. तिथे टांगलेल्या चुंबकसूचीची हालचाल दिवसरात्र टिपली जाई. कधी कधी ही सुई कारण नसताना थरथरू लागे. त्याला चुंबकीय वादळ म्हणत. सबाइनला दिसले, की ही वादळे डागांच्या तालावर वाढतात आणि कमी होतात. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ आणि गोतिए हे दोघेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आले. सूर्यावरचा काळा ठिपका आणि पृथ्वीवरची पोलादी सुई यांच्यात पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर ओलांडून काहीतरी नाते होते.

त्या वेधशाळांच्या जाळ्यातली एक मुंबईत होती. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन एका मोठ्या डागसमूहाचे चित्र काढीत असताना त्यावर अचानक पांढरे लखलखीत दोन ठिपके उमटले आणि पाच मिनिटांत विझले. सौरज्वालेचे हे पहिले नोंदलेले दर्शन. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ फुटले. तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या आणि उष्ण कटिबंधातल्या क्युबासारख्या प्रदेशांतूनही ध्रुवीय प्रकाश दिसला. कुलाब्याच्या निरीक्षकाने त्या दिवशी आडव्या चुंबकीय बलात झालेली घसरण वहीत लिहून ठेवली. आजच्या एककात ती सुमारे १,६०० नॅनोटेस्ला भरते. १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवणाऱ्या वादळाचा जागतिक निर्देशांक ५८९ पर्यंत खाली गेला होता. एका ठिकाणची नोंद आणि अनेक ठिकाणांची सरासरी यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. तरी त्या दिवसाच्या प्रचंडपणाचा अंदाज येतो, आणि तो येतो मुख्यतः कुलाब्याच्या त्या वहीमुळे.

मात्र नाते दिसणे वेगळे आणि ते सिद्ध होणे वेगळे. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून बोलताना लॉर्ड केल्विनने हिशेब मांडला : सूर्य हाच थेट चुंबकासारखा वागून पृथ्वीवरची सुई हलवीत असेल, तर आठ तासांच्या एका वादळासाठी त्याला चार महिन्यांच्या प्रकाश-उष्णतेइतकी ऊर्जा खर्चावी लागेल. हे अशक्य, म्हणून नाते केवळ योगायोगाचे. हिशेबात चूक नव्हती. सूर्याकडून पृथ्वीकडे विद्युतभारित कणांचा झोत येऊ शकतो आणि त्याला इतकी ऊर्जा लागत नाही, ही शक्यता त्यात धरलेली नव्हती.

दुष्काळाचा हिशेब

हिंदुस्थान सरकारला सूर्यावरच्या डागांत रस वाटू लागला तो शास्त्रप्रेमापोटी नव्हे. शके १७९८, धाता नाम संवत्सरात, म्हणजे १८७६ साली, दख्खनवर दुष्काळ कोसळला आणि तो १८७८ पर्यंत चालला. लाखो माणसे मेली. १८७७ मध्ये विल्यम विल्सन हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी लेख लिहून असे मांडले, की डाग कमी असतात त्या वर्षांत मद्रासकडे पाऊसही कमी पडतो. हे खरे असेल, तर दुष्काळाची पूर्वसूचना सूर्यच देईल! ज्या सरकारवर धान्य निर्यात होऊ दिल्याचा आणि मदतकार्यात काटकसर केल्याचा आरोप होत होता, त्याला दोष सूर्यावर ढकलणे सोयीचे गेले असेल, असे म्हणायला जागा आहे. डाग आणि मोसमी पाऊस यांचे हंटर-लॉकियर यांना दिसले तेवढे सरळ नाते पुढच्या आकडेवारीत टिकले नाही. पण त्या आशेने सूर्याच्या रोजच्या निरीक्षणासाठी सरकारी पैसा मिळू लागला. १८७८ पासून डेहराडून येथे सूर्याची नियमित छायाचित्रे घेतली जाऊ लागली, आणि १८९९ मध्ये पळणीच्या डोंगरावर कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली.

पुण्यात त्याआधीच एक वेधशाळा आली होती. सायन्स कॉलेजातील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. तिथली ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण देशातली त्या काळची सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली, तेव्हा नायगमवाला यांनी सोलापूरकडच्या जेऊर येथे तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच होती. वऱ्हाडातल्या तळणी या लहानशा स्टेशनजवळ ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली होती. त्यांत ॲनी आणि एडवर्ड माँडर हे दांपत्य होते. पुढे १९०४ मध्ये त्यांनी डागांची अक्षांशांनुसार मांडणी करून तो प्रसिद्ध ‘फुलपाखरू’ आलेख काढला. नवे आवर्तन सुरू होताना डाग तीस-पस्तीस अंशांवर उगवतात आणि मग वर्षागणिक विषुववृत्ताकडे सरकत येतात, हे त्यातून एका नजरेत कळते. तळणीला आणखी एक जण होता : जॉन एव्हरशेड. नऊ वर्षांनी तो कोडाईकनालला नोकरीवर आला.

हेलचा भोवरा

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. माउंट विल्सनवर जॉर्ज एलरी हेलने साठ फुटी मनोऱ्याची सौर दुर्बीण बांधली होती. १९०८ च्या वसंतात हायड्रोजनच्या तांबड्या रेषेत घेतलेल्या सूर्याच्या छायाचित्रांत त्याला डागांभोवती वळसे घेणाऱ्या रेघा दिसल्या. जणू डाग म्हणजे सूर्यावरचे चक्रीवादळच. हेलचा तर्क असा धावला : वायूत विद्युतभारित कण आहेत, ते गोल फिरत असतील तर विद्युतप्रवाह वाहील, प्रवाह असेल तर चुंबकीय क्षेत्र असेल. मग ते मोजता आले पाहिजे.

मोजण्याची युक्ती बारा वर्षांपूर्वीच सापडली होती. पीटर झीमन याने १८९६ मध्ये नेदरलंड्समधील लायडन येथे सोडियमची ज्योत बलवान चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून तिच्या वर्णरेषा रुंदावतात, असे दाखवले होते. चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फुटते आणि फुटलेल्या भागांचा प्रकाश विशिष्ट प्रकारे ध्रुवित असतो. हेलने जूनमध्ये डागाचा वर्णपट तपासला. रेषा दुभंगलेल्या होत्या, प्रकाश ध्रुवित होता. त्याने क्षेत्राचे मूल्य काढले ते २,९०० गॉसपर्यंत जाणारे. पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. म्हणजे पृथ्वीहून मोठ्या पसरलेल्या त्या काळ्या जागेत पृथ्वीच्या हजारो पट बलवान चुंबक होता. पृथ्वीबाहेर कुठेही चुंबकीय क्षेत्र आढळल्याचा हा पहिला प्रसंग.

शोध अस्सल होता. भोवऱ्याची कल्पना मात्र सहा-सात महिन्यांतच अडचणीत आली, आणि ती अडचण कोडाईकनालहून आली.

५ जानेवारी १९०९

एव्हरशेडने कोडाईकनालला स्वतः जुळवलेल्या उपकरणाने डागांचे वर्णपट घ्यायला सुरुवात केली होती. त्याची पद्धत सोपी होती. आपल्याकडे येणाऱ्या वायूच्या वर्णरेषा जांभळ्या टोकाकडे सरकतात, दूर जाणाऱ्याच्या तांबड्या टोकाकडे. डागाचा गाभा काळा असतो. त्याभोवती तंतूतंतूंची करडी झालर असते, तिला उपच्छाया म्हणतात. डाग बिंबाच्या कडेकडे गेला, की पृष्ठभागाला समांतर वाहणारा वायू आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर जाताना पकडता येतो. डाग हा भोवरा असेल, तर सरकलेल्या रेषा झालरीच्या बिंबकडेला समांतर असलेल्या दोन टोकांना दिसायला हव्यात : एका टोकाला वायू येतो आहे, दुसऱ्याला जातो आहे.

तसे दिसले नाही. रेषा सरकल्या होत्या त्या झालरीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला. बिंबमध्याकडच्या बाजूचा वायू आपल्याकडे येत होता, कडेकडच्या बाजूचा दूर जात होता. याचा अर्थ एकच : वायू डागाच्या गाभ्यापासून चहूकडे, चाकाच्या आऱ्यांसारखा, सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने सरळ बाहेर वाहतो. त्यात फिरकी जवळजवळ नाही. ५ जानेवारी १९०९ रोजी हाती आलेला हा परिणाम आज जगभर ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणूनच ओळखला जातो.

मग हेलच्या छायाचित्रांतले वळसे कसले? लोखंडाचा कीस कागदावर टाकून खाली चुंबक धरला, की कीस वळणदार रेघांत रचला जातो. किसाच्या रेघांनी चुंबकत्व निर्माण केले, असे आपण म्हणत नाही. सूर्याच्या वरच्या थरातला विरळ वायू तसाच चुंबकीय रेषांच्या धाकाने रचला जातो.

हेलच्या स्वतःच्या चिकाटीनेही त्याच्या भोवऱ्याला साथ दिली नाही. त्याने आणि सहकाऱ्यांनी शेकडो डागांचे ध्रुव तपासले. डाग बहुधा जोडीने येतात. एक पुढचा, एक मागचा. एक उत्तर ध्रुव, दुसरा दक्षिण. उत्तर गोलार्धातल्या जोड्यांत पुढचा डाग उत्तर ध्रुवाचा असेल, तर दक्षिण गोलार्धात नेमका उलट. १९१२-१३ च्या सुमारास जुने आवर्तन संपून नवे सुरू झाले आणि सगळे ध्रुव एकदम पालटले. हेल पुढच्या पालटाची वाट पाहत थांबला. १९२३ च्या सुमारास ते पुन्हा पालटले. म्हणजे सूर्याचे खरे चक्र अकरा वर्षांचे नसून बावीस वर्षांचे आहे. पण चक्रीवादळाची फिरकी ग्रहाच्या परिवलनावर ठरते. आपल्या गोलार्धातली वादळे काही दर अकरा वर्षांनी उलटी फिरू लागत नाहीत. वळशांच्या दिशा आणि डागांचे ध्रुव यांचा मेळ बसत नाही, हे शेवटी माउंट विल्सनच्याच निरीक्षणांतून दिसून आले.

आधणाचे पाणी आणि दोऱ्याचे रीळ

डाग काळा का, याचे आजचे उत्तर १९४१ मध्ये लुडविग बीरमान याने सुचवले. सूर्याच्या बाहेरच्या थरात उष्णता वर येते ती चुलीवरच्या आधणासारखी : तापलेला वायू वर येतो, निवतो, खाली जातो. सूर्याचा वायू इतका तप्त, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटलेले असतात. अशा प्लाझ्माला बलवान चुंबकीय रेषा आडव्या छेदून जाता येत नाही. जिथे अशा रेषांची जुडी उभी राहते, तिथे उकळी दबते आणि उष्णतेचा पुरवठा तुटतो. भोवतालचे तापमान साडेपाच हजार अंश सेल्सिअस, तर डागाच्या गाभ्याचे त्याहून दीड-दोन हजारांनी कमी. डाग काळा दिसतो तो शेजाऱ्यांच्या तुलनेत. एकटाच रात्रीच्या आकाशात ठेवला, तर तोही झगझगीत दिसेल.

उरला मूळ प्रश्न : ही जुडी येते कुठून? १९१९ मध्ये जोसेफ लार्मर याने सुचवले होते, की सूर्यातला वाहता वायूच डायनामोसारखा चुंबकत्व निर्माण करीत असेल. १९३४ मध्ये थॉमस काउलिंगने गणिताने सिद्ध केले, की अक्षाभोवती पूर्ण सममित असलेले क्षेत्र अशा वाहण्याने टिकूच शकत नाही. डायनामोची कल्पना त्यामुळे बरीच वर्षे लुळी पडली. तिला उभे केले ते १९५५ मध्ये युजीन पार्करने आणि १९६१ मध्ये होरेस बॅबकॉकने.

त्यांचे म्हणणे समजायला एक जुनी नोंद आठवावी लागते. डाग सरकताना पाहून कॅरिंग्टनने १८५० च्या दशकातच दाखवले होते, की सूर्य घन गोळ्यासारखा एकसंध फिरत नाही. विषुववृत्त सुमारे पंचवीस दिवसांत एक फेरी करते. ध्रुवांकडच्या भागांना महिन्याहून अधिक लागतात. प्लाझ्मा वाहतो तेव्हा चुंबकीय रेषाही त्याच्याबरोबर ओढल्या जातात, हे आल्फव्हेनने १९४२ मध्ये दाखवले होते. आता उत्तर-दक्षिण अशी उभी रेषा घ्या. विषुववृत्तावरचा तिचा भाग दर फेरीला पुढे पळतो, बाकीचा मागे रेंगाळतो. काही वर्षांत ती रेषा सूर्याच्या आतून, रिळावर दोरा गुंडाळावा तशी, पूर्व-पश्चिम गुंडाळली जाते. फेरे दाटतात आणि क्षेत्र बळावते. अशा जुडीत चुंबकीय दाबही असतो, म्हणून तिथला वायू भोवतालच्यापेक्षा विरळ होतो आणि पाण्यात दाबलेल्या हवेच्या नळीसारखी ती वर उसळते. पृष्ठभाग फोडून कमानीसारखी बाहेर आली, की कमानीचे दोन पाय म्हणजे डागांची जोडी : एका पायातून रेषा बाहेर पडतात, दुसऱ्यात शिरतात. दोन गोलार्धांत दोरा उलट दिशांनी गुंडाळला जातो, म्हणून ध्रुवांचा क्रमही उलटा.

पुढचा पालटही यातूनच उलगडतो. वर उसळताना सूर्याच्या परिवलनामुळे कमान किंचित पिळली जाते आणि पुढचा डाग विषुववृत्ताच्या थोडा जवळ येतो. डाग विरघळले, की पुढच्या डागांचे चुंबकत्व विषुववृत्तापाशी पलीकडच्या गोलार्धातल्या विरुद्ध चुंबकत्वात विरून जाते. मागच्या डागांचे अवशेष ध्रुवाकडे वाहत जातात, तिथले जुने क्षेत्र आधी पुसतात आणि मग उलटे करतात. १९५७-५८ मध्ये सूर्याच्या ध्रुवांचा असा पालट प्रत्यक्ष टिपला गेला. त्या उलट्या क्षेत्रापासून पुन्हा दोरा गुंडाळायला सुरुवात होते. शायनरला सूर्याच्या मुखावरचा कलंक नकोसा वाटला होता. खरे तर त्या कलंकांच्या राखेतूनच पुढच्या आवर्तनाचे बी पडते.

हे चित्र पुरे झालेले नाही. सूर्याच्या पृष्ठभागाच्या कंपनांवरून आतली रचना ओळखण्याचे तंत्र विकसित झाले. त्यातून सुमारे दोन लाख किलोमीटर खोलीवर परिवलनाचा वेग एकाएकी बदलणारा पातळ थर सापडला, तेव्हा डायनामोचे घर तिथेच असावे असे बहुतेकांना वाटले. अलीकडे काही संशोधक ते पृष्ठभागालगत शोधू लागले आहेत. भाकितांतही मतभेद झाले. चोविसाव्या आवर्तनाबद्दल बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अर्णब राय चौधुरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते दुबळे असेल असे सांगितले. त्यांच्याच एके काळच्या विद्यार्थिनी मौसुमी दिक्पती यांच्या अमेरिकेतील गटाने ते तीस ते पन्नास टक्के जोरदार असेल असे म्हटले होते. आवर्तन दुबळे निघाले. भाकिताचा एक मोठा आधार होता ध्रुवांवर शिल्लक राहिलेले क्षीण क्षेत्र, म्हणजे पुन्हा वर्षानुवर्षांच्या मोजणीच्या वह्या.

वह्यांचे पुढे काय झाले

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद पडली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याचा आणि सूर्याचा संबंध तिथेच तुटला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुटलेल्या आदित्य-एल१ यानावर सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण आहे, ती पुण्याच्या आयुकाने घडवलेली. कोडाईकनालला विसाव्या शतकाच्या आरंभापासून घेतलेल्या काचेच्या तबकड्या आता संगणकावर उतरवल्या गेल्या आहेत. उपग्रह नव्हते त्या काळातला सूर्य पाहायचा, तर जगभरच्या अभ्यासकांना अशा मोजक्या संग्रहांकडेच यावे लागते.

कुलाब्याचे प्रकरण आणखी बोलके आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तारांतल्या प्रवाहाने सुई बिघडेल हे ओळखून संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता यावी. एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाचा जोर ठरवला तो कुलाब्याच्याच नोंदीवरून. त्या दिवशी वहीत आकडे भरणाऱ्याला सौरज्वाला, प्लाझ्मा किंवा डायनामो हे शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते. सुई इतकी कशी घसरली, असे वाटून त्याने आकडा दुरुस्त केला असता, तर आज कोणाला कळलेही नसते. त्याने दिसले तेच लिहिले. अलिबागची सुई आजही रोज टिपली जाते.